गुरुवारचं वरण

आमच्या गल्लीतली माणसं माझ्या डोक्यात वारांनी बसली आहेत. कोपऱ्यावरचे टेलर म्हणजे सोमवारवाले, पिठाच्या गिरणीचे मालक बुधवारवाले, आमच्या भिंतीला भिंत लावून राहणारे मंगळवारवाले आणि आम्ही गुरुवारवाले. ही नावं ज्यांच्यामुळे पडली ते गृहस्थ पुंडलिकनगरात आमच्या समोरच्या घराच्या गच्चीवर एका खोलीत भाड्यानं राहायचे. वय पंच्याहत्तरच्या पुढं, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, एकुलती एक मुलगी लांब दिलेली. सगळी गल्ली त्यांना काका म्हणायची. ते रोज संध्याकाळी साडेसातला एका घरी जेवायचे, आणि कुठल्या वारी कुठलं घर हे ठरलेलं होतं. रविवारी मात्र स्वतःच्या हातानं खिचडी लावायचे.

वार लावून जेवण्याची पद्धत आता फारशी कुणाला आठवत नाही. पूर्वी खेड्यातला गरीब मुलगा शहरात शिकायला आला की सात घरं बघायचा आणि आठवड्यातून एकेक दिवस एकेका घरी जेवायचा. काका फर्दापूरकडच्या एका खेड्यातून आले आणि असंच जेवून मॅट्रिक झाले. पुढं नोकरी लागली, लग्न झालं, वार सुटले. बायको गेल्यावर महिनाभर त्यांनी खानावळीचं खाल्लं आणि एका सकाळी आमच्या दारात उभे राहून माझ्या बायकोला विचारलं, "सूनबाई, तुमचा गुरुवार मोकळा आहे का?" तिला आधी काही उमगलंच नाही. उमगल्यावर ती म्हणाली, "काका, अहो रोज या की." तर म्हणाले, "रोज आलो की ओझं होईन. आठवड्यातून एकदा आलो की पाहुणा राहीन." फुकट जेवायचे असं मात्र कुणी म्हणू नये. कुणाच्या पोराचं गणित, कुणाच्या रेशनकार्डाचं काम, कुणाच्या लाइटबिलाची दुरुस्ती, असलं सगळं तेच करायचे. नळाला पाणी येण्याचा दिवस तर गल्लीत सगळ्यांत आधी त्यांना कळायचा.

नोकरीत ते वजनमापे निरीक्षक होते. सारा जन्म दुकानदारांचे काटे तपासण्यात गेला होता. त्या नोकरीनं त्यांना पेन्शन दिली आणि एक खोड दिली. जेवायला येताना ते स्वतःची वाटी घेऊन यायचे. जाड पितळेची, आतून कल्हई केलेली. भात आमचा, पोळी आमची, ताट आमचं, पण वरण त्यांच्याच वाटीत वाढायचं. "माप एकच पाहिजे," म्हणायचे, "नाहीतर तपासणीला अर्थ काय?" वरण वाढलं की वाटी किंचित तिरकी करायचे, वरणाची कड कशी सरकते ते बघायचे, मग सरळ करून जेवायला लागायचे.

तपासणी कसली, तर घराची. घरच्या परिस्थितीला त्यांचा शब्द होता कैफियत. "घरची कैफियत माणूस सांगत नाही, वरण सांगतं," हा त्यांचा आयुष्यभराचा सिद्धांत. गाडी हप्त्यानं येते, पडदे दिवाळीला येतात, सोफा पाहुण्यांसाठी येतो. पण ओढ लागली की घरातली बाई सगळ्यांत आधी मूठभर डाळ कमी करते आणि पेलाभर पाणी वाढवते. नवऱ्याला सांगत नाही. नवऱ्याला कळायच्या आधी वरणाला कळलेलं असतं. तसंच चार पैसे हाताशी खेळू लागले की दुसरं काही बदलायच्या आधी वरण घट्ट होतं.

वर्षातून एकदा, दिवाळी आटोपली की, ते त्या त्या घरच्या बाईला निकाल सांगायचे. तोही स्वयंपाकघराच्या दाराशी, हळू आवाजात. सुधारलं, तसंच आहे किंवा सांभाळा, एवढाच. पुरुषांना कधीच नाही. "पुरुषाला सांगितलं की ते कट्ट्यावर जातं," असं त्यांचं मत होतं. मी बायकोला दरवर्षी विचारायचो, काय म्हणाले? ती म्हणायची, "त्यांनी कुणाला सांगू नको म्हटलंय." मी नवरा आहे, कुणी नव्हे, असं म्हटलं की ती हसून भांडी घासायला लागायची.

आता माझं सांगतो. मी एका कॉलेजच्या ऑफिसात हेडक्लार्क. आमच्या तीन पिढ्या लेखणीवर जगल्या, त्यामुळे दुसऱ्याच्या घरात काय आलं याची नोंद आपोआप होते. मंगळवारवाले आमच्यानंतर सहा वर्षांनी गल्लीत आले. तो वाळूजच्या एका कारखान्यात सुपरवायझर, गावाकडं पाचोडजवळ मोसंबीची बाग. आला तेव्हा आमच्यासारखंच दोन खोल्यांचं घर होतं. बघता बघता वर स्लॅब पडला, पुढं ग्रॅनाइट लागलं, आणि मग एका दसऱ्याला पांढरीशुभ्र मोठी गाडी आली. ती आमच्या फाटकापर्यंत यायची. माझी स्कूटर काढताना मला दोनदा मागंपुढं करावं लागायचं.

गाडीचं एक वेळ सोडा. काका त्यांच्याकडं सव्वा तास बसायचे. आमच्याकडं पस्तीस मिनिटं. मी घड्याळ लावून बघितलेलं आहे. दर मंगळवारी भिंतीपलीकडून हसण्याचा गडगडाट यायचा. मंगळवारवाली मोठ्या आवाजात काहीतरी सांगायची, पोरं किंचाळायची, आणि काका, जे आमच्याकडं "मीठ बेताचं आहे" यापलीकडं बोलायचे नाहीत, ते तिथं निजामाच्या वेळच्या कोतवालांच्या नकला करायचे. मी बायकोला म्हणायचो, "एवढं काय असतं गं त्यांच्याकडं?" ती म्हणायची, "ठेचा असतो." तेवढ्यावर माझं समाधान होत नसे. मला वाटायचं, त्यांची कैफियत आमच्याहून चांगली आहे आणि काकांच्या वाटीला ते कळलंय.

कट्ट्यावर रोज एकच वाद असायचा. या सरकारच्या काळात आपलं सुधारलं की बिघडलं? मंगळवारवाला सरकारच्या बाजूचा. "लई सुधारलं, सायेब. माझ्या बापानं सायकल बघितली न्हवती, माझ्या दारात गाडी हाय," असं छाती काढून सांगायचा. मी विरुद्ध बाजूचा. गॅसची टाकी, तेलाचा डबा, पोरीच्या हॉस्टेलची फी, सगळं घडाघडा म्हणून दाखवायचो. खरं सांगायचं तर त्या वर्षांत माझा पगार चांगला वाढला होता, घराचं कर्ज फिटलं होतं आणि पोरगी पुण्यात नोकरीला लागली होती. पण तो एका बाजूला होता म्हणून मी दुसऱ्या बाजूला होतो, हे कबूल करायला आता हरकत नाही. तो उलट बोलला असता तर मी सरकारची आरती ओवाळली असती.

काका या वादात कधी पडले नाहीत. कुणी फारच डिवचलं तर म्हणायचे, "मला सरकारनं पंच्याहत्तरी गाठल्यावर एसटी फुकट दिली. ती मी बिलाशक वसूल करतो." आणि करायचेच. बाजाराच्या दिवशी सकाळच्या गाडीनं पाचोडला जायचे, वांगी, लसूण, हरभऱ्याची भाजी पिशवीत भरून आणायचे आणि सहा घरांत सारखी वाटायचे. सारखी म्हणजे तोलून. लसणाची एक पाकळीसुद्धा इकडंतिकडं नाही.

एकदा गल्लीत टॅबलेट घेऊन एक मुलगी पाहणीला आली. गेल्या काही वर्षांत तुमच्या घरची आर्थिक परिस्थिती सुधारली, तशीच राहिली की बिघडली, असा प्रश्न होता. मंगळवारवाला फाटकात गाडी पुसत होता. त्यानं सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं सांगितलं, "सुधारली! लिवा, लई सुधारली." मग ती माझ्याकडं वळली. त्याच्या ओल्या, चकचकीत गाडीकडं बघत मी म्हणालो, "बिघडली." मुलीनं दोन्ही उत्तरं टिपून घेतली. काका जिन्यावर बसून लसूण सोलत होते. तिनं त्यांनाही विचारलं. ते म्हणाले, "बाई, प्रश्न बरोबर आहे, जागा चुकली. फाटकात विचाराल तर माणूस पक्ष सांगतो. आत चुलीपाशी जाऊन विचारा." ती म्हणाली, "आजोबा, त्याला पर्याय नाहीये यात." "मग माझं तसंच आहे असं लिहा," म्हणाले आणि परत लसणाला लागले.

माझा हेवा पुढं वाढतच गेला. एका मंगळवारी पलीकडं मांडे झाले. वास आमच्या झोपायच्या खोलीपर्यंत आला. मी हट्टाला पेटलो आणि बायकोला गुरुवारी पुरणपोळी करायला लावली. ना सण, ना वार. ती म्हणाली, "त्यांच्याकडं सासूबाई आल्या होत्या गावाहून, म्हणून मांडे. आपल्याकडं कोण आलंय?" मी म्हणालो, कर. तिनं केली. काकांनी दोन पोळ्या खाल्ल्या, वर तूप घेतलं, वाटी तिरकी करून बघितली आणि हात धुताना मला म्हणाले, "घरात सगळं ठीक आहे ना? वरण पातळ झालं की लोक ताटात गोड वाढवतात. तुमचं वरण तर व्यवस्थित आहे, मग ही पोळी कशासाठी?" बायको आत तोंडाला पदर लावून हसत होती. मला ते हसणं महिनाभर पुरलं.

आणि मग, दोन वर्षांपूर्वी पावसाळ्याच्या आधी, काकांनी मंगळवार सोडला.

मी लक्ष ठेवूनच होतो. एक मंगळवार गेला, दुसरा गेला. साडेसातला काका गच्चीवरच फेऱ्या मारताना दिसले. तिसऱ्या मंगळवारी मी वर गेलो. म्हणाले, "मंगळवारचा उपास धरलाय, गणपतीचा." म्हातारा माणूस, मागं काही दिवस धरलेले दत्ताचे गुरुवार सोडले तर आयुष्यात कधी एकादशीसुद्धा न केलेला. मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. काहीतरी बिनसलं असणार, नक्की. मी म्हणालो, "काका, उपास सोडा आणि मंगळवारीही आमच्याकडं या." ते म्हणाले, "एका घरावर दोन वार नकोत. तो दस्तूर नाही."

दुसऱ्या दिवशी कट्ट्यावर मंगळवारवाला आला तेव्हा माझ्यानं राहवलं नाही. चारचौघांत विचारलं, "काय हो, काकांनी तुमचं घर सोडलं म्हणे?"

तो म्हणाला, "नाय नाय, त्येंचा उपास हाय."

"उपास कसला," मी म्हणालो, "एकादशीसुद्धा करत नाहीत ते, आज बुधवारवाल्यांकडं दोन भाकरी हाणतील. लसूण सोलायला बसलेत मघापासून. तुमच्याकडंच काहीतरी चुकलं असेल, बघा जरा."

दोघेतिघे हसले. तो हसला नाही. चहाचा कप तसाच ठेवून उठला आणि घरी गेला. मला वाटलं, झोंबलं. त्या दिवशी मी आणखी तासभर कट्ट्यावर बसून मग शीळ घालत घरी आलो, हे मला चांगलं आठवतं.

बायको दारातच उभी होती. गिरणीवालीनं नवऱ्याकडून ऐकलं होतं, आणि तिच्याकडून अर्ध्या गल्लीतल्या बायकांना कळलं होतं. "काय बोलून आलात?" तिनं विचारलं. मी फुशारकीनं सगळं सांगितलं. तिनं मला आत घेऊन दार लावलं.

"तुम्हाला माहीत नाही ते काय आहे," ती म्हणाली. "सलग तीन वेळा वरण पातळ लागलं की काका ते घर सोडतात. त्या घरावर एका ताटाचं ओझं नको म्हणून. आणि सोडलंय असं दिसू नये म्हणून उपासाचं निमित्त सांगतात. सगळ्या बायकांना हे ठाऊक आहे, पण कुणी तोंडातून काढत नाही. तुमच्या कॉलेजचा पगार पाच महिने अडकला होता ना, तेव्हा आपला गुरुवारही त्यांनी असाच धरला होता. तुम्ही सगळ्यांना सांगत फिरलात की काका दत्ताच्या नादी लागले. तेव्हा तिनं," तिनं भिंतीकडं बोट केलं, "तिनं ओळखलं होतं. एका शब्दानं कुठं बोलली नाही."

मग तिनं बाकीचंही सांगितलं. कारखान्यातली एक पाळी बंद झाली होती आणि मंगळवारवाला चार महिने घरी बसून होता. रोज सकाळी डबा घेऊन निघायचा, तो दुसरीकडं काम बघायला. बाग भावाभावांत वाटून गेली होती आणि त्याच्या वाट्याचं जे आलं ते गाडीत आणि स्लॅबात गेलं होतं. गाडीचे हप्ते चालूच होते. कट्ट्यावर "लई सुधारलं" म्हणून सांगणारा माणूस घरी येऊन पाण्यासारखं वरण जेवत होता. मी ज्याचा हेवा करत होतो ते घर बसत चाललं होतं, आणि मी ते गल्लीत जाहीर करून आलो होतो.

पुढच्या मंगळवारी सात वाजता मंगळवारवाली काकांच्या जिन्यात जाऊन उभी राहिली. मी ओट्यावर होतो. ती हळू बोलणारी बाई कधीच नव्हती.

"काका, खाली या. उपास सोडा."

काका वर कठड्याशी आले. "अगं, गणपतीचा आहे—"

"गणपतीला मदी आणू नका. गल्लीला कळायचं त्ये कळलं. आता झाकायचं काय ऱ्हायलं? व्हय, वरण पातळ हाय. डाळीला दाम लागतो. पन तुमी येत नाय म्हून पोरं इचारत्यात, आई, आपलं काय चुकलं? काय सांगू त्यान्ला?"

"मला वाटलं, एक ताट कमी झालं तर तेवढंच—"

"एका ताटानं गाडीचा हप्ता फिटतो व्हय, काका?"

काका आत गेले, वाटी घेतली, कठडा धरत एकेक पायरी उतरले आणि तिच्या मागोमाग गेले. थोड्या वेळानं भिंतीपलीकडून पोरांचा आवाज सुरू झाला, मग काकांचा. त्या दिवशी ते दीड तास बसले. मला लाज वाटत होती, नाही असं नाही. पण लाजेच्या जोडीला तो जुना हेवाही तसाच बसून होता. काकांनी आमचा गुरुवार सोडला होता तेव्हा त्यांच्या जिन्यात जाऊन असं भांडायचं आम्हाला सुचलंसुद्धा नव्हतं.

गुरुवारी काका आमच्याकडं वेळेवर आले, पण हातात वाटी नव्हती. बसले नाहीत. स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन म्हणाले, "सूनबाई, आजपासून गुरुवार नको."

सगळ्यांत आधी मनात आलं ते हे, आणि तेच तोंडातून निघालं. "काका, आमचं वरण पातळ लागलं का?"

त्यांनी माझ्याकडं बघितलं. "छे हो. या गल्लीत सगळ्यांत घट्ट वरण तुमच्याकडचं. तीन वर्षं झाली, सुधारलं, सुधारलं म्हणून हिला सांगतोय. तुम्हाला सांगू नको म्हटलं होतं, कारण तुम्ही ते शेजारी जाऊन सांगितलं असतं."

ज्या निकालासाठी मी इतकी वर्षं बायकोच्या मागं लागलो होतो तो असा मिळाला. मंगळवारवाल्यांच्याही वर, पहिल्या नंबरचा. मी म्हणालो, "मग सोडता कशाला?"

"घास उतरणार नाही," काका म्हणाले. बायकोला म्हणाले, "तुझ्या हाताचा दोष नाही गं." ती रडायला लागली होती. तिनं त्यांना राहा म्हटलं नाही. मी म्हणालो, चुकलं माझं, पाय धरतो. ते म्हणाले, "माझे कशाला धरता?" आणि जिना चढून वर गेले.

पलीकडं जाऊन माफी मागायला मला तीन आठवडे लागले. मंगळवारवाल्यानं ऐकून घेतलं, चहा पाजला, "जाऊ द्या सायेब, व्हतंय," म्हणाला. तोवर आमचा गुरुवार कुठं गेला ते कळलं होतं. एका घरावर दोन वार नकोत म्हणणारे काका मंगळवारी आणि गुरुवारी, दोन्ही दिवस त्यांच्याकडंच जेवत होते. सगळ्या जन्मात त्यांनी दस्तूर मोडला तो एवढाच.

बायकोनं मला काही विचारलं नाही. एका गुरुवारी तिनं मोठ्या कुकरात वरण लावलं आणि पातेलंभर वरण परसातल्या बुटक्या भिंतीवरून पलीकडं दिलं. "वहिनी, काकांना माझ्या हातच्या वरणाची सवय आहे. गुरुवारी मीच देत जाईन." एका म्हाताऱ्याला किती वरण लागतं ते दोघींनाही माहीत होतं. मंगळवारवालीनं पातेलं घेतलं. भांडं रिकामं परत करायचं नसतं, म्हणून ते परत आलं तेव्हा त्यात भाकरी आणि त्यावर ठेचा होता. पुढं काका वारेपर्यंत, म्हणजे जवळपास वर्षभर, दर गुरुवारी हे असंच चाललं. मधे मंगळवारवाल्याला कमी पगाराचं का होईना काम लागलं, गाडी गेली, फाटकापुढची जागा मोकळी झाली. तरीही पातेलं जात राहिलं.

साडेसातला मी ताटावर बसायचो. समोर बायको न बोलता वाढायची. पलीकडं काका आमच्याच डाळीचं, आमच्याच फोडणीचं वरण जेवत असायचे, आणि ते कुणाचं आहे हे त्यांना ठाऊक असायचं. मधूनच त्यांचा आवाज यायचा, "वाढ गं अजून." आमच्या घरात इतक्या वर्षांत त्यांनी कधी काही मागून घेतलं नाही. माझी स्कूटर आता एका झटक्यात निघत होती, पगार वेळेवर होता, वरण घट्ट होतं. आणि भिंतीपलीकडच्या त्या बसलेल्या घराचा मला, त्यांच्या दारात गाडी होती तेव्हाही वाटला नव्हता, इतका हेवा वाटत होता.